उत्पन्नाची मर्यादा छापता, मग भाड्याची का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्य मंत्रिमंडळाने २० मे २०२५ रोजी नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत ३५ लाख घरे आणि ७० हजार कोटींची गुंतवणूक हे त्यातले दोन आकडे तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी आहेत. घर कोणाच्या पदरात पडणार हे मात्र त्यांच्यावरून कळत नाही. ते ठरते सरकारी घरांच्या सोडतीच्या जाहिरातीतल्या चार ओळींच्या कोष्टकावर. एका बाजूला उत्पन्न गट, दुसऱ्या बाजूला वार्षिक मर्यादा. ही मर्यादा ओलांडणारा बाहेर, एवढाच त्या कोष्टकाचा अर्थ. आत आलेल्या माणसाने महिन्याला किती पैसे मोजायचे, हप्ता असो की भाडे, याबद्दल ते कोष्टक काहीच बोलत नाही. या पत्राचा विषय तो न बोललेला भाग आहे.

आधी आजचे आकडे. म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, सोडतीत पूर्वी महिन्याचा हिशेब असे: २५ हजारांपर्यंत अत्यल्प, ५० हजारांपर्यंत अल्प, ७५ हजारांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च उत्पन्न गट. मे २०२२ मध्ये ही रचना बदलली. मुंबई महानगर प्रदेश, पुणे महानगर प्रदेश, नागपूर आणि १० लाखांहून जास्त वस्तीची शहरे यांच्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प आणि १२ लाखांपर्यंत मध्यम गट ठरला. उर्वरित महाराष्ट्रात हेच टप्पे साडेचार लाख, साडेसात लाख आणि १२ लाख. उच्च गटाला सुरुवातीला १८ लाखांची कमाल मर्यादा होती, ती पुढे काढून टाकली. खालच्या गटातला अर्जदार वरच्या गटाच्या घरासाठी अर्ज करू शकतो, वरचा खाली येऊ शकत नाही. हा नियम योग्यच आहे.

गोंधळ पुढे सुरू होतो. सरकारी बोलण्यात 'ईडब्ल्यूएस' (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सोडतीतला अत्यल्प गट) हा एकच शब्द, पण त्याची किमान चार मापे. शिक्षण आणि नोकरीतल्या १० टक्के आरक्षणासाठी ८ लाख. म्हाडाच्या मुंबई-पुण्यातल्या सोडतीसाठी ६ लाख. उर्वरित महाराष्ट्रातल्या सोडतीसाठी साडेचार लाख. आणि पंतप्रधान आवास योजनेसाठी, देशभराच्या हिशेबाने, ३ लाख. आरक्षणासाठी काढलेले ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र घराच्या अर्जाला जोडणारे अर्जदार दर सोडतीत असतात. ते प्रमाणपत्र तिथे उपयोगाचे नाही. घरासाठी आयकर विवरणपत्राची पावती लागते किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. चूक अर्जदाराच्या माथी मारणे सोपे आहे, पण एकाच नावाची चार मापे अर्जदाराने तयार केलेली नाहीत.

यातल्या ३ लाखांच्या मापाकडे नीट पाहायला हवे. पंतप्रधान आवास योजना जून २०१५ मध्ये आली तेव्हा ते ठरले. सप्टेंबर २०२४ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती सुरू झाली तेव्हाही ईडब्ल्यूएससाठी ३ लाख, अल्प गटासाठी ६ लाख हेच राहिले, मध्यम गट ९ लाखांवर थांबला. मधल्या नऊ वर्षांत पगार वाढले, सिमेंट वाढले, घरांच्या किमती वाढल्या. मापाची पट्टी तेवढी जागची हलली नाही. मर्यादा गोठवली की काय होते हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ज्याचा पगार फक्त महागाईइतका वाढला, म्हणजे जो प्रत्यक्षात जिथल्या तिथे आहे, तो कागदावर 'श्रीमंत' होऊन यादीतून बाद होतो.

म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या २०२३ च्या सोडतीत याचा चटका बसला. गोरेगावच्या पहाडी भागातली १,९४७ घरे पंतप्रधान आवास योजनेतली होती आणि एका घराची किंमत साडेतीस लाखांच्या आसपास. पात्रता मात्र ३ लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नाची. हिशेब मांडून पाहू. दहा टक्के, म्हणजे ३ लाखांहून थोडे अधिक, अर्जदाराने स्वतः उभे केले आणि २७ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता येतो २३,४०० रुपयांच्या घरात. वर्षाला ३ लाख म्हणजे महिन्याला २५ हजार. हप्ता फेडून उरतात सोळाशे रुपये. घरात चार माणसे. असे कर्ज कोणती बँक देईल? केंद्राने त्याच वर्षी मुंबई महानगर प्रदेशापुरती ही मर्यादा ६ लाखांवर नेली, ते बरे झाले. पण त्याने प्रश्न सुटला का?

बँका साधारणपणे हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंत हप्ता मान्य करतात. ५० टक्के धरले तरी २३,४०० च्या हप्त्यासाठी महिन्याला ४६,८०० रुपये उत्पन्न लागते, म्हणजे वर्षाला ५ लाख ६२ हजार. सरकारची कमाल मर्यादा ६ लाख. म्हणजे ते घर प्रत्यक्षात घेऊ शकतो तो फक्त ५ लाख ६२ हजार ते ६ लाख या पट्टीतला माणूस. महिन्याच्या हिशेबात ही पट्टी जेमतेम तीन हजार रुपयांची. कर्जाची मुदत ३० वर्षे केली तर खालची रेघ ५ लाखांपर्यंत उतरते, पण व्याजाचा एकूण बोजा फुगतो आणि पस्तिशीच्या पुढच्या अर्जदाराला एवढी मुदत मिळणे अवघड जाते. साडेतीन-चार लाख कमावणारा, ज्याच्या नावाने ही योजना आखली, तो सोडतीत नाव लागूनही घर परत करतो किंवा सावकाराकडे जातो. कमाल मर्यादा सरकार ठरवते, किमान मर्यादा बँक ठरवते, आणि या दोघांनी एकमेकांना विचारलेले नसते.

म्हणून पहिली मागणी साधी आहे. जाहिरातीत घराच्या किमतीशेजारी एक आकडा छापा: या किमतीच्या घरासाठी, चालू व्याजदराने, २० वर्षांच्या मुदतीने, किमान किती उत्पन्न लागेल. ज्या घराची किमान रेघ त्या गटाच्या कमाल रेघेला भिडते किंवा ओलांडते, ते घर त्या गटात दाखवूच नका. २०२३ च्या त्याच सोडतीत ताडदेवच्या एका टॉवरमधले साडेसात कोटींच्या वरचे घर उच्च गटात होते. त्या गटाला कमाल मर्यादा नाही म्हणून ते बसले तरी. अत्यल्प गटात असे विनोद परवडत नाहीत.

आता उत्पन्न मोजतात कसे, कारण अर्ज बाद होतात ते इथे. म्हाडाच्या सोडतीत कुटुंबाचे उत्पन्न म्हणजे अर्जदार आणि त्याचा जोडीदार या दोघांची बेरीज. आई, वडील, भाऊ धरत नाहीत. पंतप्रधान आवास योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. तहसीलदारांचा दाखला काढायला गेलात की तिथे 'कुटुंब' हा शब्द तिसऱ्याच अर्थाने येतो, अनेकदा शिधापत्रिकेवरचे सगळे कमावते धरून. वडिलांच्या घरी राहणाऱ्या अविवाहित मुलाने म्हाडासाठी दाखला काढला आणि त्यात वडिलांचे निवृत्तिवेतन मिळवलेले असले, तर त्याचा गट उगाच वर सरकतो. दाखला हाती येताच त्यावर कोणाचे उत्पन्न लिहिले आहे आणि कोणत्या आर्थिक वर्षाचे आहे, या दोन गोष्टी तिथेच वाचून घ्याव्यात. दुरुस्तीसाठी नव्याने अर्ज करावा लागतो. लोकसेवा हक्क कायद्याखाली दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे, आणि सोडतीची शेवटची तारीख त्या १५ दिवसांसाठी थांबत नाही.

वर्षाचा घोळ वेगळा. सोडतीत जाहिरातीत सांगितलेल्या आर्थिक वर्षाचेच उत्पन्न धरतात. त्या वर्षाचे विवरणपत्र हवे असते, आणि विवरणपत्रावर ठळक असते ते करनिर्धारण वर्ष, जे एक पाऊल पुढे असते. आर्थिक वर्ष २०२३-२४ चे विवरणपत्र म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२४-२५. वर्षाचा आकडा पाहून घाईने जोडलेली पावती आदल्या वर्षाची निघते. २०२३ पासून कागदपत्रांची छाननी सोडतीच्या आधी, संगणक प्रणालीतच होते. हा बदल चांगला आहे, कारण पूर्वी नाव लागल्यावर वर्ष-वर्ष फायली फिरत असत. पण चुकीची पावती जोडणारा आता सोडतीपर्यंत पोचतच नाही.

त्याहून मूलभूत प्रश्न असा, की विवरणपत्रातला नेमका कोणता आकडा धरायचा? त्यात निदान दोन असतात. एक वजावटींआधीचे ढोबळ एकूण उत्पन्न, दुसरे वजावटी गेल्यावरचे करपात्र उत्पन्न. जुन्या करप्रणालीत भविष्य निर्वाह निधी, विमा, मुलांची फी यांच्यापोटी दीड लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती मिळत नाही, मात्र पगारदाराची प्रमाणित वजावट २०२४-२५ पासून ७५ हजार आहे, जुनीत ५० हजारच. आता एकाच कार्यालयात एकाच पगारावर बसलेल्या दोघांनी वेगवेगळी प्रणाली निवडली, तर त्यांचे करपात्र उत्पन्न वेगळे येणार. गट ठरवण्याचा आधार करपात्र आकडा धरला, तर कर सल्लागाराकडे जाणारा खालच्या गटात बसेल आणि न जाणारा वरच्या. गटाचा संबंध कुटुंबाच्या कमाईशी असावा, बचतीच्या पावत्यांशी नव्हे. ढोबळ उत्पन्न धरावे, आणि तसे एका वाक्यात, अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहावे.

विवरणपत्र न भरणारे, म्हणजे घरकामगार, रिक्षाचालक, नाक्यावरचे मजूर, हातगाडीवाले, यांचे उत्पन्न तलाठ्याच्या अहवालावर आणि स्वयंघोषणेवर ठरते. तिथे आकडा कमी दाखवायचा मोह सर्वांनाच असतो. गंमत अशी की त्याच माणसाला पुढे बँकेत जाऊन जास्त उत्पन्न सिद्ध करायचे असते. सेतू केंद्रात अडीच लाख आणि बँकेत पाच लाख, असे दोन कागद एकाच फायलीत आले की कर्ज तरी अडकते किंवा पात्रता तरी. सरकारी घरासाठी अर्ज करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून एकच खरा आकडा सगळीकडे ठेवावा, यापलीकडे याला औषध नाही.

आता कुटुंबाचा आकार. आपल्या कोष्टकात नवरा-बायको दोघेच असोत की सासू-सासरे आणि तीन मुलांसह सात माणसे असोत, ६ लाख म्हणजे ६ लाख. दोन माणसांतले ६ लाख आणि सात माणसांतले ६ लाख एकच कसे? अमेरिकेत केंद्रीय गृहनिर्माण खाते दर वर्षी प्रत्येक शहर-परगण्यासाठी उत्पन्नाच्या मर्यादा नव्याने जाहीर करते. आधार असतो त्या भागातल्या कुटुंबांचे मध्यक उत्पन्न, म्हणजे निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी ज्याच्या खाली आहेत तो आकडा. त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत अल्प, ५० टक्क्यांपर्यंत अत्यल्प अशा पायऱ्या आणि त्याखाली सर्वांत गरिबांसाठी आणखी एक. चार माणसांचे कुटुंब १०० टक्के धरतात. तिघांना ९०, दोघांना ८०, एकट्याला ७०. पाचव्या माणसापासून दर माणशी ८ टक्के वाढ. तिथले सगळे उचलावे असे माझे म्हणणे नाही, पण ही पायऱ्यांची कल्पना उचलायला खर्च शून्य आहे. आपले ६ लाख चौघांसाठी धरले तर एकट्याला ४ लाख २० हजार, दोघांना ४ लाख ८० हजार, तिघांना ५ लाख ४० हजार, पाच जणांना ६ लाख ४८ हजार आणि सहा जणांना ६ लाख ९६ हजार. शिधापत्रिका आणि आधार दोन्ही प्रणालीला जोडलेले असताना माणसे मोजणे अवघड नाही. कुटुंबाची व्याख्या मात्र मग एकच ठेवावी लागेल.

आता भाडे. या पत्राचे मुख्य दुखणे.

अमेरिकेत १९८६ पासून करसवलतीवर बांधलेल्या घरांच्या योजनेत उत्पन्नाच्या मर्यादेबरोबर भाड्याची मर्यादा जुळी बहीण म्हणून येते. नियम असा: त्या घरासाठी ठरलेल्या उत्पन्न-मर्यादेच्या ३० टक्क्यांहून जास्त भाडे नाही. ही मर्यादा काढताना प्रत्यक्ष भाडेकरू किती जण आहेत ते पाहत नाहीत. दर शयनगृहामागे दीड माणूस असे गृहीत धरतात, वेगळे शयनगृह नसलेल्या एका खोलीच्या घराला एक. आणि सर्वांत महत्त्वाचे, वीज, पाणी, गॅस भाडेकरू स्वतः भरत असेल तर त्याची अंदाजी रक्कम त्या ३० टक्क्यांतून वजा करून उरेल तेवढेच भाडे मालकाने घ्यायचे.

हेच गणित आपल्या ६ लाखांना लावून पाहू. दोन शयनगृहांचे घर म्हणजे तीन माणसे, मर्यादा ५ लाख ४० हजार, महिन्याला ४५ हजार, त्याचे ३० टक्के साडेतेरा हजार. वीज-पाणी-गॅसचे १,८०० धरले तर मालकाला मिळायचे ११,७००. एका शयनगृहाचे घर म्हणजे दीड माणूस, एकट्याच्या आणि दोघांच्या मर्यादेचा मध्य साडेचार लाख, भाड्याची कमाल रेघ सव्वाअकरा हजार. आता यातला दोषही सांगितला पाहिजे. ही रेघ मर्यादेवर बेतलेली आहे, भाडेकरूच्या खऱ्या कमाईवर नव्हे. महिन्याला २० हजार कमावणाऱ्याला साडेतेरा हजारांचे घर 'परवडणारे' म्हणून दाखवणे ही थट्टाच होईल. त्याला ६ हजारांच्या वर झेपत नाही. अमेरिकेतही हीच फट आहे आणि ती बुजवायला तिथे वेगळे भाडे-साहाय्य द्यावे लागते. म्हणून इमारतीतली सगळी घरे एकाच रेघेवर न ठेवता काही घरे निम्म्या मर्यादेवर बांधून ठेवावी लागतात. ३ लाखांची रेघ धरली तर त्याच दोन शयनगृहांच्या घराचे भाडे, सर्व खर्च धरून, ६,७५० च्या वर जाणार नाही.

आपल्याकडे काय आहे? जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीत पायी गावाकडे निघालेल्या मजुरांची दृश्ये ताजी असताना, केंद्राने परवडणाऱ्या भाडे-गृहसंकुलांची योजना मंजूर केली. सरकारी पैशातून बांधलेली रिकामी घरे २५ वर्षांच्या कराराने चालवायला द्यायची, किंवा खासगी-सार्वजनिक संस्थांनी स्वतःच्या जागेवर बांधून भाड्याने द्यायची. सुरुवातीचे भाडे स्थानिक पाहणीवरून ठरणार. पुढे दर दोन वर्षांनी ८ टक्के वाढ, पाच वर्षांत एकूण २० टक्क्यांहून जास्त नाही. बस. वाढीवर लगाम आहे, सुरुवातीच्या आकड्यावर भाडेकरूच्या उत्पन्नाशी जोडलेला लगाम नाही. पाहणी म्हणजे आसपास काय भाडे चालले आहे ते बघणे. आसपासच्या भाड्यावर बेतलेले भाडे परवडत असते, तर योजनेची गरजच पडली नसती.

वाढीचा नियम मात्र वाईट नाही. दोन वर्षांनी ८ म्हणजे वर्षाला चारला थोडे कमी. आपल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, त्याच्याशी हे जवळजवळ जुळते. पण भाडे नियंत्रण कायदा आहे ना, मग वेगळी मर्यादा कशाला, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की सरकारच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना तो कायदा लागूच होत नाही. म्हणजे सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या घरातच भाडेकरू कायद्याच्या छत्रीबाहेर असू शकतो. अनामत रकमेचेही तेच. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घ्यायची नाही असे आहे. भाडे-संकुलाच्या करारात हे एक कलम घातले तरी पुष्कळ. भाड्याची रेघ आखून अनामत मोकळी सोडली, तर रेघ मागच्या दाराने पुसली जाते.

मुंबईकर वाचक इथे हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. भाड्यावर मर्यादा म्हटले की आपल्याला १९४७ चा मुंबईचा जुना भाडे नियंत्रण कायदा आठवतो. भाडी १९४० च्या पातळीवर गोठली, मालकाला डागडुजी परवडेना, चाळी खचल्या, शेवटी उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढावे लागले आणि ते ओझे आजही म्हाडा वाहते आहे. पण त्या कायद्याचा दोष भाडे ठरवण्यात नव्हता, गोठवण्यात होता. उत्पन्नाशी जोडलेली मर्यादा दर वर्षी उत्पन्नाबरोबर हलते. मालकाला पुढच्या वर्षी किती मिळेल याचा अंदाज येतो, त्यावर बँक कर्ज देते, रंगसफेदी होते. ३ लाखांची रेघ नऊ वर्षे हलवायची नाही आणि भाडेही बांधायचे, असे केले तर १९४७ ची पुनरावृत्ती नक्की. म्हणून भाड्याच्या मर्यादेची मागणी करणाऱ्याने त्याच दमात वार्षिक फेरआखणीचीही मागणी केली पाहिजे.

राज्याचा स्वतःचा अनुभवही विसरण्याजोगा नाही. २००८ मध्ये एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली, विकासकांना त्यासाठी वाढीव चटई निर्देशांक, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची मुभा, दिला. घरे काही प्रमाणात उभी राहिली. भाडेकरू कोण, भाडे कोण गोळा करणार, देखभाल कोणाची, याची व्यवस्था काही उभी राहिली नाही. पनवेलजवळच्या कोन इथली अशी घरे दोन-दोन जोडून २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांना विकली गेली आणि ताबा त्यानंतरही वर्षानुवर्षे रखडला. भाड्याची सरकारी घरे शेवटी मालकीची होतात, कारण विकणे एकदाचे काम असते आणि भाड्याने देणे रोजचे.

रोजच्या खर्चाचा आणखी एक मुद्दा मालकीच्या घरांनाही लागू आहे. खासगी प्रकल्पातून म्हाडाला मिळालेल्या घरात राहायला गेलेल्या अत्यल्प गटातल्या कुटुंबाला मासिक देखभाल शुल्काचा धक्का बसतो. लिफ्ट, जनित्र, पहारा, उद्यान, पोहण्याचा तलाव यांचा खर्च चौरस फुटावर वाटला आणि तो समजा सात रुपये आला, तर ३०० चौरस फुटांना २,१०० रुपये. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर मुंबईत २०२२ पासून माफ आहे, त्याने थोडा दिलासा मिळतो एवढेच. वर काढलेल्या हिशेबात हप्ता फेडून ज्याच्याकडे निम्मे उत्पन्न उरते, त्याचे २,१०० आणखी गेले. परवडण्याचे माप 'हप्ता अधिक देखभाल' असेच हवे, अमेरिकेत भाड्यात वीज-पाणी धरतात तसे.

उत्पन्न वाढल्यावर काय, हा प्रश्न भाड्याच्या घरात येणारच. अमेरिकेतल्या त्या करसवलतीच्या योजनेत भाडेकरूचे उत्पन्न मर्यादेच्या १४० टक्क्यांवर गेले तरी त्याला बाहेर काढत नाहीत. इमारतीतले त्यानंतर रिकामे होणारे, तेवढ्याच किंवा त्याहून लहान आकाराचे घर मात्र पात्र कुटुंबालाच द्यावे लागते, त्याने एकूण प्रमाण टिकते. ६ लाखांच्या रेघेवर १४० टक्के म्हणजे ८ लाख ४० हजार. या सैलपणाचे कारण व्यवहारी आहे. पगार रेघेच्या एक रुपया वर गेला की घर जाणार असेल, तर कोण बढती घेईल आणि कोण खरा पगार सांगेल? आपल्या सोडतीत रेघ एकदाच तपासतात, ताबा घेतल्यावर कोणी विचारत नाही, आणि पाच वर्षे विक्रीबंदी एवढीच अट उरते. मालकीला ते चालून जाते. भाड्याला चालणार नाही. दर वर्षी उत्पन्नाचा पुरावा, त्यावर १४० टक्क्यांसारखी सवलतीची पट्टी आणि त्यापुढे बाजारभावाच्या दिशेने टप्प्याटप्प्याने भाडे, ही तीनही कलमे करारात पहिल्या दिवशी असावी लागतात.

नव्या धोरणात भाड्याच्या घरांवर भर आहे, हे स्वागतार्ह. आवास योजनेच्या दुसऱ्या आवृत्तीतही भाड्याच्या घरांचा वेगळा भाग ठेवला आहे. त्याच्या निविदा निघतील, करार २५-२५ वर्षांचे होतील. निविदेत जी अट नाही ती पुढे चालकावर लादता येत नाही, लादली तर तो न्यायालयात जातो आणि जिंकतो. तेव्हा गृहनिर्माण विभागाने पहिल्या निविदेआधी एक शासन निर्णय काढावा. दर १ एप्रिलला शहरनिहाय आणि कुटुंबाच्या आकारानुसार उत्पन्नाच्या मर्यादा, त्यांच्याशेजारी त्याच मर्यादेवरून काढलेली कमाल भाडी, वीज-पाणी-देखभाल धरून, आणि निदान एक तृतीयांश घरे निम्म्या मर्यादेच्या भाड्याला राखीव. आज केलेला करार २०५० च्या आसपास संपेल. तोवर त्या घरांत राहणाऱ्यांचे भाडे आत्ता लिहिलेल्या एका कलमावर चालणार आहे.

आपला नम्र,
परवडणाऱ्या घरांच्या विषयाचा एक अभ्यासक